चुकीची तबकडी

घाटकोपरला आमच्या चाळीत लाऊडस्पीकर भाड्यानं देणारे एक मालवणी गृहस्थ राहायचे. तबकडी ते कायम कडेला धरायचे आणि लावण्याआधी तिच्यावर हळूच फुंकर घालायचे. ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे रेकॉर्डी लावायला शिकायचा मला नाद लागला. गाणं संपल्यावर सुई बदलायला मी विसरलो की म्हणायचे, "गाणाऱ्या बाईचो गळो बसतलो रे!"

एका रविवारी मुलुंडच्या लग्नात त्यांनी पहिल्यांदाच सगळं माझ्यावर सोपवलं. नवरदेव मांडवात शिरला आणि घाईघाईत मी सनईऐवजी विरहाचं रडगाणं लावलं. कर्ण्यातून ते साऱ्या आळीत घुमलं. मुलीचे वडील तरातरा आमच्याकडे आले.

काकांनी सुई खसकन उचलली नाही. आवाज हळूहळू उतरवला, माईकवरून वऱ्हाडाला सरबताचा आग्रह केला आणि तेवढ्यात सनई लावली. मग वडिलांना म्हणाले, "चूक माझी झाली. पोराक काय बोलू नका."

वडील पुटपुटत परतले. अक्षता पडेपर्यंत काकांनीच वाजवलं. मी नुसता उभा होतो. आता हे मला घरी पाठवणार, याची खात्रीच होती.

पहिली पंगत बसली तसा मी म्हणालो, "काका, मी निघू?"

"खंय? मी जेवून येतंय. तू वाजव."

पंगतीत ते माझ्याकडे पाठ करून बसले. दोनदा जिलबी मागून घेतली, पण एकदाही वळून बघितलं नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.