भिंतीला टांगलेला आहेर

सख्ख्या भावाने हौसेने बांधून दिलेली गॅलरी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, हळदीच्या आदल्या दिवशी तुम्ही पाडाल का? आमच्या शेजारच्या द्वारकाआत्यांनी पाडली.

पनवेलजवळच्या करंजाड्याला लागून असलेल्या आमच्या गावात सरकारला जमिनी गेल्या, बदल्यात प्लॉट आले आणि एकेक घर तीन मजली झालं. नवरा गेल्यावर आत्या छोटी बांधकामं घेऊ लागल्या. गळ्यात ठसठशीत सोनं, पायात गमबूट. कुणाकडे चहाला गेल्या तरी बसण्याआधी भिंतीवर बोटांनी ठोकून बघायच्या. “भिंत टेकाला असते, टांगाला नाय,” असं त्या म्हणत. घराचं वजन खांब आणि बीम घेतात, मधली विटांची भिंत नुसता आडोसा. पण वरून प्लास्टर चढलं की दोन्ही सारखंच दिसतं, आणि आपल्याकडे दिसण्यावरच सगळं चालतं.

आत्यांचा धाकटा भाऊ जनूमामा उरणजवळ करंजा बंदराला राहायचा, स्वतःच्या बोटी असलेला. भाच्याच्या, म्हणजे आत्यांच्या मुलाच्या, हळदीला बेंजोवाल्यांनी वर बसून वाजवावं, बायकांनी वरून नाच बघावा, म्हणून त्याने आहेरात लोखंडी गॅलरी द्यायची ठरवली. आत्या बोलावणी करत गावोगाव हिंडत होत्या, तेवढ्यात त्याने बंदरावरची बोटी दुरुस्त करणारी माणसं आणून आत्यांच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या भिंतीला ती बसवूनही टाकली.

आत्या परतल्या तेव्हा गॅलरीला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही. खाली ओट्यावर सांडलेला लाल भुगा चिमटीत घेतला. काँक्रीटला भोक पाडलं असतं तर भुगा करडा पडला असता. हा विटेचा होता. त्यांनी हातोडी मागवली आणि आधाराच्या पट्टीजवळचं प्लास्टर फोडलं. आत वीटच. बीम हातभर खाली राहिला होता.

मामाला ते पटेना. बोटीच्या फळीत बोल्ट कुठेही मारा, लाकूड त्याला धरून ठेवतं. त्याचा सगळा जन्म त्या अनुभवात गेलेला. “आमी बोटीला असंच ठोकतो, बाय. आजपत्तर एक हलला नाय.”

“बोट पान्यान तरंगते, जनू. ही लोकांच्या डोक्यावर लटकलीय.”

मांडवातली एक मावशी म्हणाली, द्वारकीला आता सोन्याचे बोल्ट पायजेत. बायका हसल्या. मामा हसला नाही.

“चार लोकांत माजा आहेर काढतंस?”

“काढते. नायतर उद्या माणसां काढावी लागतील.”

संध्याकाळच्या आत लोखंड कापून अंगणात रचलं गेलं. मामा न जेवता करंजाला परतला. लग्नात नवरदेवाच्या पाठीशी मामाने उभं राहायचं, ती जागा आत्यांनी दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नाही. ती रिकामीच राहिली.

पुढे त्याच लोखंडाची गॅलरी त्यांनी पुन्हा उभी केली. या वेळी मागची बाजू बीमला आरपार बोल्टांनी आवळली, पुढे जमिनीतून दोन खांब घेतले, आणि पाणी आत मुरू नये म्हणून भिंतीच्या सांध्यावर पत्रा वाकवून बसवला. नातवाच्या बारशाला मामा आला. त्यांनी वरून हाक मारली. तो खालीच खुर्ची घेऊन बसला. काही वर्षांनी आत्या गेल्या. तोवर तो कधीच वर चढला नाही.

ती पहिली गॅलरी पडली असती का? कुणीच सांगू शकत नाही. पडलेल्या गॅलरीची बातमी होते; न पडलेलीचा पुरावा नसतो, फक्त रुसलेला भाऊ असतो. आमच्या गावात अजून काही जण म्हणतात की बाईने उगाच भाऊ तोडला. मला ते मान्य नाही. पडल्यावर नशिबाला दोष देणारी माणसं ही. नशीब बोल्ट मारत नाही, आपण मारतो.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरच्या कार्यात कुणी मध्येच उभं राहून “वर कुणी जाऊ नका” म्हणालं, तर त्याच्याकडे पुरावा मागू नका. आधी माणसं खाली उतरवा, आणि मग त्या एकट्या पडलेल्या माणसाच्या बाजूला जाऊन उभे राहा.