वीस बोंडांची पेटी

"‘हुशार आहे.’ हे काय लिहिलंयस, ओफेलिया?"

"अक्षर माझंच आहे, मिस."

"अक्षर ओळखते मी. तुला दिसलं काय, ते विचारतेय."

"हुशारी दिसली."

"हुशारी दिसत नसते. पोर काय करते, काय बोलते, ते दिसतं. तेवढंच लिहायचं."

"बारा वर्षं हेच ऐकतेय. आता झोपेतसुद्धा तसंच लिहीन."

"मग जागेपणी काय होतं?"

मिस लॉर्नानं पिवळी चिठ्ठी आपल्या मदतनीस ओफेलियाच्या ॲप्रनच्या खिशात परत कोंबली आणि ती मैदानाकडे वळली.

बालवर्गात नव्यानं आलेल्या पोरांची परीक्षा घ्यायची नाही, नुसती नजर ठेवायची, ही या शाळेची पद्धत. सप्टेंबरात पोरं येतात आणि ऑक्टोबर संपेपर्यंत बाई आणि मदतनीस त्यांच्या मागे मागे हिंडतात. कोण कात्री कशी धरतं, रडणाऱ्याला कोण रुमाल देतं, कोण किती मोजतं. दिसेल ते चिठ्ठीवर, आणि चिठ्ठ्यांवरून तक्ता. तो तक्ता उद्या बंद होणार होता. एकवीस पोरांचे रकाने भरले होते. यारेत्सीच्या मोजणीचा रकाना तेवढा कोरा होता.

तो कोराच राहिला तर रोज खेळाच्या तासाला तिला शेजारच्या खोलीत आकडे गिरवायला बसवणार होते. आणि खेळाचा तास सोडला तर ती पोर दिवसभर ओठाला ओठ लावूनच बसायची. लॉर्नानं तिच्यापुढे प्लास्टिकची अस्वलं मांडून पाच वेळा विचारलं होतं, "किती आहेत गं?" पाचही वेळा यारेत्सीनं अस्वलांकडे असं पाहिलं, जणू ती तिची कुणीच लागत नव्हती.

ओफेलिया शाळेत येण्याआधी अकरा वर्षं सफरचंदं निवडायच्या पट्ट्यावर उभी राहिली होती. समोरून फळांचा लोंढा जायचा आणि डागी फळ तिचा हात आपसूक उचलायचा. का उचललंस, असं तिथे कुणी विचारलं नाही. इथे मात्र तिच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं परत आल्या: ‘गोड आहे.’ ‘आजीवर गेलाय.’ ‘मोठेपणी वकील होणार, देव वकिलांचं भलं करो.’ ती शेवटची मात्र लॉर्नानं घरी नेऊन फ्रिजवर चिकटवली होती.

मैदानात आज घसरगुंडीवर कुणीच नव्हतं. सगळी गर्दी तिच्या खाली होती. पोरं कुंपणाजवळच्या पाइनच्या झाडाखाली पडलेली बोंडं वेचत होती आणि दुधाच्या रिकाम्या पेट्यांत भरून रांगेत उभी राहत होती. खाली मांडी घालून बसली होती यारेत्सी, कानामागे पेन्सिल. ओफेलियाला बघताक्षणी कळलं. सफरचंदाच्या बागेत तोडणीवाल्यांची पेटी भरली की चेकर येतो, ती पुरती भरलीय का बघतो आणि मगच मजुराच्या कार्डाला भोक पाडतो. पोरीनं शनिवार-रविवार आईच्या शिडीखाली बसून त्यालाच तर पाहिलं होतं.

"सतरा," यारेत्सी स्पॅनिशमध्ये म्हणाली. "पेटीत वीस लागतात. तीन आण."

"माझे हात दुखले," ब्रॅडी म्हणाला. त्याला स्पॅनिश येत नव्हतं, पण तीन बोटं कळली होती.

"माझ्या आईचेही दुखतात. आण."

ब्रॅडीनं तीन बोंडं आणली. तिनं पेन्सिलीनं एका पानाला भोक पाडून ते त्याच्या हातात ठेवलं.

ओफेलिया धावत लॉर्नाकडे गेली. "मिस, चला. बोलतेय. मोजतेय."

"मी गेले की गप्प होईल ती."

"मिस म्हणून गेलात तर होईल. तोडणीवाली म्हणून जा."

लॉर्नानं एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग पेटी उचलली आणि पाइनखाली वाकली. भरलेली पेटी घेऊन ती रांगेत उभी राहिली, आणि पाळी आल्यावर रांगत रांगत घसरगुंडीखाली शिरली. ओफेलिया बाहेर उकिडवी बसली आणि तिनं चिठ्ठी काढली.

यारेत्सीनं मान वर केली नाही. एकेका बोंडाला हात लावत ती अठरापर्यंत गेली. मग तिनं पेटी परत ढकलली.

"दोन कमी, सिन्योरा. अशी पेटी आम्ही घेत नाही."

"चालवून घे ना," लॉर्ना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली. "म्हातारी आहे मी."

"मागे रांग लागलीय."

ओफेलियानं लिहिलं: ‘अठरा बोंडं एकेक हात लावून मोजली. वीस हवीत, दोन कमी म्हणाली. स्पॅनिशमध्ये.’ पुढे तिच्या पेन्सिलीनं ‘हुश’ लिहूनही टाकलं होतं. ते तिनं खोडलं आणि चिठ्ठी घसरगुंडीखाली लॉर्नाच्या नाकासमोर धरली.

"बघा, मिस. दिसलं तेवढंच लिहिलंय. आता फक्त आपल्या दोघींत सांगा, आहे की नाही हुशार?"

लॉर्नानं चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली, पेटी कवेत घेतली आणि रांगत बाहेर पडून पाइनकडे चालू लागली, दोन बोंडं आणायला.