लाल दिव्याची खोली

त्या बाईचं नाव विचारायचं मला धाडस झालं नाही. मी झाडूपोछा करते त्या प्रयोगशाळेत ती चारच दिवस आली होती. नदीकाठची वाळू भरलेले नळे काळ्या टेपनं बंद असूनही ती ओढणीखाली झाकून न्यायची आणि लाल दिव्याच्या खोलीतच उघडायची.

"मावशी," ती मला म्हणाली होती, "ही वाळू किती वर्षं अंधारात होती, ते तिच्या गारगोटीच्या कणांत साठून राहते. उजेड लागला का सारं पुसून जाते, हा लाल दिवा तेवढा चालते."

शेवटचा नळा तिनं आत उघडला होता, मी दाराबाहेर पोछा मारत होते, तेवढ्यात प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी कडीला हात घातला.

"उघडू नका!" मी ओरडले आणि दाराला पाठ लावली.

"तू कोण वं मले सांगणारी?"

आतून ती म्हणाली, "मावशी, दहा मिनिटं. हलू नका."

मी हलले नाही. शेवटी साहेबांनीच कडीवरचा हात काढला.