गबाळ्याची मारामारी

दादाचा अंगठा बटणावर नुसता पडून होता. एकेकाळी त्याने मुलांच्या मासिकात गबाळ्या नावाचं कार्टून काढलं. आता ते कुणालाच आठवत नाही, दादालाही. निदान त्याला ओळख पटावी म्हणून त्याच्या मुलीने गबाळ्याला मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये उतरवलं.

“काका, याचे डाव सांगा. यानं तर कधी मुंगीही मारली नाही.”

“मराठीत मारायला काय तोटा, बाई?” मी सुटलोच. गबाळ्याने मिठी मारली की बरगड्यांचा भुगा, डुलकी मारली की घोरण्याने सह्याद्री सरकतो, थाप मारली की शत्रूच्या सात पिढ्या आडव्या!

तिने सगळं घातलं. पण ओळख तेवढी मारता येत नाही, ती पटावी लागते.

पडद्यावर गबाळ्याने हाक मारली. दादा खुदकन हसला आणि लेकीकडे वळून म्हणाला, “छान आहे हो, ताई. कुणी काढलाय?”