पुंडलिकरावांचं आठ दिवसांचं पथ्य

पवनारला धाम नदीच्या काठाशी पुंडलिकरावांची दीड एकर भाजीची बाग आहे. वांगी, पालक, मेथी, कोथिंबीर. पिकवायचं पुंडलिकरावांनी आणि वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायचं गोपिकाबाईंनी, ही वाटणी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ठरली. तिला आता अडतीस वर्षं झाली. इतकी वर्षं पहाटे उठून गोपिकाबाईंच्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळं बसली आहेत, ती आता एखाद्या दिवसाच्या झोपेनं जाण्यातली नाहीत.

माल सजवावा तर पुंडलिकरावांनीच. टोपल्यात खाली कसलीही वांगी असोत, वरच्या थरात सगळी एकसारखी, तुकतुकीत, देठाला देठ लावून बसवलेली. त्यांवरून ते ओलं फडकं फिरवायचे, दोन पावलं मागे सरायचे आणि मान तिरकी करून बघायचे. रंगमंचावर जाण्याआधी एखादा मुरलेला नट आरशात शेवटची नजर टाकतो, तसे.

गावच्या शाळेत दर वर्षी एकदा तपासणीचं शिबिर भरतं. वजन, रक्तदाब, साखर. गावची आशा सेविका अन्नपूर्णा आठ दिवस आधी घरोघरी तारीख सांगून जाते. ती तारीख कानावर पडली, की पुंडलिकराव स्वतःलाही सजवायला घेत. त्या संध्याकाळपासून चहा बंद, भात बंद. सकाळी कारल्याचा रस, रात्री भिजवलेले मेथीदाणे, आणि रोज नदीच्या पुलापर्यंत पायी फेरी. आठव्या दिवशी धुतलेला सदरा घालून ते शाळेत जात आणि कागद घेऊन परत येत. मग घरात शिरा व्हायचा. पास झाल्याचा शिरा. उरलेलं वर्षभर चहात तीन चमचे साखर आणि जेवणानंतर गुळाचा खडा ठरलेलाच. असे सहा वर्षांचे सहा कागद घरातल्या तारेला टोचून ठेवलेले होते, आणि आल्यागेल्याला ते दाखवले जात. शेवटच्या दोन कागदांवर डॉक्टरांनी 'काठावर' असं लिहिलं होतं, तेवढं मात्र अंगठ्याखाली झाकून.

गोपिकाबाईंना हे सगळं ठाऊक होतं. कारली त्याच चिरत आणि शिराही त्याच भाजत. त्यांची स्वतःची तपासणी कधी झाली नाही. शिबिराच्या वेळी त्या बाजारात असत.

यंदा दिवाळी सरली आणि पुंडलिकरावांचे मोजे धुताना त्यांना डाव्या मोज्याच्या टोकाला पिवळट-लाल डाग दिसला. चार दिवसांनी पुन्हा. वासही होता. विचारलं तर ते म्हणाले की गमबुटात खडा गेला असेल, हळद लावली आहे. पाय मात्र दाखवेनात.

"दुखत नाई तं दाखवू काय?" एवढंच वरून.

न दुखण्याचा त्यांना अभिमानच होता. गोपिकाबाईंना मात्र त्या न दुखण्याचीच धास्ती वाटे. माहेरी त्यांच्या काकाचा पाय असाच न दुखता काळा पडला होता, आणि काका पुढे दहा वर्षं कुबडी घेऊन ओट्यावर बसून राहिला. पुंडलिकराव ओट्यावर बसलेले, हे चित्र त्यांना पाहवेना. पण बोलायलाही अंगात बळ नव्हतं. किती वेळा तेच ते बोलायचं?

अशातच एक दिवस बाजारात मधुकरराव आले. खानावळ चालवणारे, जुनं गिऱ्हाईक. त्यांनी वरच्या वांग्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. बाही सारून कोपरापर्यंत हात टोपल्यात घातला, तळातून एक किडकं वांगं वर काढलं आणि गोपिकाबाईंसमोर धरलं.

"वरचे तं सारे नवरदेव दिसते, बाई. खाली हे कोन लपवलं?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. गोपिकाबाई हसल्या नाहीत. त्या वांग्याच्या भोकाकडे बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात अन्नपूर्णा बाजारातच भेटली. शिबिर पुढच्या मंगळवारी, असं ती म्हणाली. 'घरी मी सांगते,' म्हणून गोपिकाबाईंनी तिची घरची फेरी वाचवली. पण घरी येऊन त्यांनी तारीख सांगितली नाही. आयुष्यात नवऱ्यापासून त्यांनी लपवलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

मंगळवारी त्या बाजाराला गेल्या नाहीत. पुंडलिकरावांचा चहा झाला, वर गूळ-पोळी झाली. मग त्या म्हणाल्या, शाळेपर्यंत चला, काम आहे. शाळेच्या व्हरांड्यातली रांग दिसली तसे पुंडलिकराव दारातच थबकले. संवाद आठवत नसताना कुणी रंगमंचावर ढकलावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

गोपिकाबाईंनी रांगेत उभं केलं, दुपारी नंबर आला आणि बोटाला सुई टोचली. आकडा तीनशे अठ्ठावीस आला.

"आज माही तयारी नव्हती, डॉक्टरीणबाई," पुंडलिकराव म्हणाले. "पुढच्या आठवड्यात घ्या."

तरुण डॉक्टरीण थकलेली होती, सकाळपासून शंभरेक माणसं तपासून झाली होती. तिनं मान वर केली. "तयारी कसली, काका?"

मग गोपिकाबाई खाली बसल्या, नवऱ्याचा डावा बूट ओढून काढला, मोजा काढला आणि हळदीनं माखलेली चिंधी सोडली. करंगळी काळी झाली होती. डॉक्टरिणीनं तिला टोचून पाहिलं. पुंडलिकरावांना काही कळलं नाही. आजच दवाखान्यात भरती व्हा, ती म्हणाली. करंगळी राहणार नाही, पण अजून पंधरा दिवस काढले असते तर पाऊल गेलं असतं.

ऑटोत बसल्यावर पुंडलिकरावांनी विचारलं, "तारीख तुले मालूम होती?"

"हाव."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं आजबी पास झाले असते तुमी."

त्यानंतर ते बोललेच नाहीत. करंगळी काढली, पट्ट्या बदलल्या, इन्सुलिन सुरू झालं. गोपिकाबाई सकाळी बाजार आटोपून दवाखान्यात यायच्या, पेज भरवायच्या, डबा धुवायच्या आणि परत जायच्या. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. भांडायचं त्राण दोघांतही नव्हतं. आठ दिवस असेच गेले.

नवव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी पट्टी सोडली, जखम पाहिली आणि पाऊल वाचलं म्हणून सांगितलं. गोपिकाबाई खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होत्या. डोळे आपोआप मिटत होते. पुंडलिकरावांनी उरलेली चार बोटं हळूहळू हलवून पाहिली, बराच वेळ.

"अवं, झोपली का?"

"नाई."

"पुढच्या सालीबी तारीख मले सांगू नोको." मग ते म्हणाले, "अन् बाजार सोडून तूबी येजो."

गोपिकाबाईंनी डोळे न उघडताच मान हलवली, आणि खाटेच्या कडेवर डोकं टेकवलं.