खोकं, अंधार आणि गप्प बसा

फोन उचलायचं काम एकदा पत्करलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून चालत येतात. एक सांगावा तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा हजर! माझ्याकडे आता एवढा साठा झालाय की घरी पाहुणे आले की नवरा आधीच बजावतो, "हिला प्राण्यांबद्दल काही विचारू नका, जेवण थंड होईल!"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरमधल्या नोकरीपायी आम्ही नागपूरहून बंगलोरला आलो. तो सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर उगवायचा. मी घरात बसून कंटाळले आणि बनशंकरीच्या पलीकडे असलेल्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात फोन घ्यायला जाऊ लागले. केंद्र म्हणजे पत्र्याची शेड, काही पिंजरे, एक खटारा व्हॅन आणि डॉक्टर हुक्केरी. डॉक्टर निपाणीकडचे. मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलायचे आणि मी वयाने बरीच लहान असूनही मला अक्का म्हणायचे. जखमी आलेलं जनावर बरं होऊन परत मोकळं सुटावं, एवढं एकच त्या माणसाला हवं असायचं. एखादं कायमचं पिंजऱ्यात राहिलं की घरचं कोणी आजारी असल्यासारखा त्यांचा चेहरा उतरायचा.

माझं काम सोपं होतं. फोन आला की सांगायचं: भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, अंधार करा, शांतता ठेवा, गर्दी करू नका, खायला-प्यायला काही देऊ नका, आम्ही येतोय. बस! हे इतकं सोपं आहे की माझ्या आठवणीत कोणालाही ते जमलेलं नाही.

*

एका सॉफ्टवेअर कंपनीतून फोन आला. पोरगा पुण्याचा.

"मॅडम, आमच्या काचेवर एक आऊल येऊन आदळलाय."

"घुबड?"

"येस, तेच."

मी नेहमीचं सगळं सांगितलं. त्याने ते उतरवून घेतलं, मला परत वाचून दाखवलं आणि वर विचारलं, "याची सिव्हिरिटी काय धरू? वन की टू?" कॉम्प्युटरचा बिघाड किती गंभीर, त्याचे हे नंबर असतात, असं रात्री नवऱ्याने सांगितलं.

मी आणि डॉक्टर गेलो. कॉन्फरन्स रूममध्ये दिवे बंद, मॉनिटरचं खोकं, खोक्याला मापात पाडलेली भोकं. डॉक्टरांचा चेहरा खुलला. मग डोळे अंधाराला सरावले आणि दिसलं की खोक्याभोवती माणसंच माणसं, सगळी चिडीचूप, आणि प्रत्येक भोकाला एकेक डोळा!

"गर्दी करू नका म्हणून अक्कांनी सांगितलं होतं की हो!" डॉक्टर ओरडले.

पोरगा दुखावला. "सर, म्हणूनच तर दोन बॅच केल्यात! मार्केटिंगवाले लंचनंतर येणार आहेत."

घुबड नुसतं भोवंडलं होतं. संध्याकाळी सोडलं तर आमच्या कोणाकडेही न बघता निघून गेलं. मला तरी त्याचं काही चुकलं असं वाटलं नाही.

*

बनशंकरीतल्या एक काकू मूळच्या सदाशिव पेठेतल्या. बंगलोरात वीस-पंचवीस वर्षं काढली तरी भाजीवालीशीही पुणेरी मराठीतच भांडायच्या, आणि जिंकायच्या! मांजराने धरलेली एक खार त्यांनी सोडवली आणि फोन केला. मी बजावलं, "काकू, खायला काही देऊ नका हं."

"मी काय लहान आहे का गं?"

आम्ही पोचलो. खार टोपलीत, फडक्यावर, छान. फक्त मिशांना काहीतरी पांढरं चिकटलेलं.

"काकू, खायला दिलंत?"

"छे! आज संकष्टी. उपास आहे घरात सगळ्यांचा."

"मग हे काय?"

"खिचडी. साबुदाण्याची."

डॉक्टर कपाळाला हात लावून खाली बसले. "अक्का, ते खाणंच झालं की!"

काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की आम्ही दोघांनी चपला पायात घातल्या. "डॉक्टर, उपासाच्या पदार्थाला खाणं म्हणत नाहीत. आणि दाण्याचं कूट कमी घातलंय, जखमी आहे ना ती!"

खारीचं फुगलेलं पोट उतरवता उतरवता डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, चंद्रोदयाच्या आत आलो. नाहीतर मोदक होते."

*

होसकोटेच्या एका कारखान्यातल्या सावंतसाहेबांनी मात्र कमाल केली. मुंबईचा माणूस, शिस्तीचा. लाकडी पेटी हलवताना धामणीची शेपूट चेंगरली होती. साहेबांनी कोणाला काठी उचलू दिली नाही, तिला पिंपात घेतलं, वर जाळी बांधली, माणसं लांब केली. आम्ही पिंप व्हॅनमध्ये ठेवलं आणि दारात अडकलो. वॉचमन म्हणाला, "गेटपास?"

"अरे, साप है!" सावंतसाहेब म्हणाले.

"साब, माल बाहर जा रहा है. आपका ही ऑर्डर है."

ऑर्डर खरंच साहेबांचीच होती, आणि साहेब आपल्याच ऑर्डरला फार मानणारे! ते स्टोअर्समध्ये गेले. स्टोअर्सचा बाबू म्हणाला, जे आत आल्याची नोंद नाही ते बाहेर कसं पाठवू? मग धामण आधी रीतसर आत घेण्यात आली. तेवढ्यात पिंपातून आवाज यायला लागला आणि डॉक्टर घड्याळाकडे बघत व्हॅनभोवती फेऱ्या मारायला लागले.

शेवटी बाबूने पेन उचलून विचारलं, "रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?"

डॉक्टर तोंड उघडणार, तेवढ्यात मागे जमलेले सगळे कामगार एका सुरात ओरडले, "नॉन-रिटर्नेबल!"

*

बंगलोरच्या शिवाजीनगरात जाधवांचं स्कूटरचं गॅरेज होतं. जाधव तिथल्या जुन्या मराठी घराण्यातले. घरात बोलायला मराठी, भांडायला कन्नड, आणि गिऱ्हाइकाला गंडवायला उर्दू. त्यांच्या दारातल्या तारेत एक मोठं वटवाघूळ अडकलं. जाधवांनी जाड हातमोजे घालून ते सोडवलं आणि आम्हाला फोन केला. इथपर्यंत शाबास!

दुपारी त्यांचा पुन्हा फोन आला, आवाज काळजीचा. "अक्का, लवकर पाठवा की कोणाला तरी. तब्येत बिघडत चाललीय."

"काय होतंय?"

"चक्कर येतीय हो त्याला. मी स्वल्प सरळ करून बसवतो, हात काढला की पुन्हा उलटं होतंय! सकाळपासून हेच चाललंय. आता माझ्याकडे बघून दात दाखवतंय."

डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. सगळं पुन्हा ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जाधवअण्णा, तुम्ही हात काढा. मी येईपर्यंत परत घालू नका."

*

एवढं सगळं झाल्यावर डॉक्टरांना वाटलं, लोकांना शिकवलं पाहिजे. मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान ठेवलं. जखमी वन्यप्राणी सापडला तर काय करावं, स्लाइड्ससकट. डॉक्टर पोटतिडकीने बोलले. पहिल्या रांगेतल्या एक बाई पदराने डोळे पुसत होत्या.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. त्याच बाईंनी हात वर केला. "फारच हृदयस्पर्शी! मला एवढंच विचारायचं होतं, पाली मारायला काय चांगलं?"

*

त्याच मंडळाने पुढे आमच्या शेडला नवे पत्रे दिले, आणि नेमकं तेच नडलं. तेव्हा आमच्याकडे एक घार होती. मांज्याने पंख हाडापर्यंत कापलेला. डॉक्टरांनी तो शिवला, जपला, कित्येक आठवडे तिच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून चहा प्यायला. पंख भरून आला. पिंजऱ्यात ती या फांदीवरून त्या फांदीवर जायला लागली. तरी डॉक्टरांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"अक्का, उडेल हो. पण पोट भरेल काय? आभाळातून येऊन झडप घालायला पाहिजे. हिला बशीतल्या मटणाची सवय लागलीय. झडप घालता आली नाही, तर जन्मभर पिंजरा."

त्यांना तिला सकाळी, कोणी नसताना, गुपचूप सोडायचं होतं. पण मंडळाच्या अध्यक्षांना सोहळा हवा होता. पत्रे त्यांचे, मग नाही कसं म्हणणार?

सोहळा मंडळाच्या अंगणात झाला. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, पाहुण्यांची ओळख झाली. मग अध्यक्षांनी घारीचा सत्कार केला. खरंच! पिंजऱ्यावर शाल घातली, पुढ्यात श्रीफळ ठेवलं. मला वाटलं डॉक्टर भडकणार. ते माझ्या कानात म्हणाले, "शाल बरी आहे, आत अंधार होतो. काढू देऊ नका."

भाषणं संपली, शाल निघाली, दार उघडलं. घार बसून राहिली. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "जोरदार टाळ्या!" घार दचकली, बाहेर आली, जडपणे पंख मारत कशीबशी कोपऱ्यातल्या नारळाच्या झाडावर पोचली आणि तिथेच बसली. मंडळ खूश झालं. वड्यांच्या बश्या फिरायला लागल्या.

डॉक्टर बशी हातात घेऊन झाडाखाली उभे राहिले. एक घास खाल्ला नाही. आभारप्रदर्शन सुरू झालं, मंडपवाल्याचे आभार झाले, माइकवाल्याचे झाले, घार हलली नाही. डॉक्टरांचा चेहरा बघवेना. मलाही रडू यायला लागलं होतं.

"बशीची वाट बघायलीय," ते म्हणाले. "जाळी आणा, अक्का. अंधार पडायच्या आत परत धरायला पाहिजे."

मी जाळी आणायला वळले. अध्यक्ष एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात वडा घेऊन समारोपाला आले होते. वड्याचा हात त्यांनी आभाळाकडे उंचावला. "मित्रहो, ही मुकी घार मंडळाचं ऋण कधीही—"

वरून काहीतरी सुळकन आलं. वारा लागला, माइक किंचाळला, बायका किंचाळल्या. घार मंडपाच्या वर, मग नारळाच्या वर, मग आणखी वर गेली. मोठी गिरकी घेत ती उडता उडता पायातलं खात होती.

अध्यक्षांचा हात अजून वरच होता. बोटांना चटणी होती, पण ओरखडा एकही नव्हता.

"डॉक्टर!" ते माइकवरच ओरडले. "अहो, माझा वडा नेला तिने!"

डॉक्टर मान वर करून उभे होते. बशी केव्हाच हातातून पडली होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"नेला की!" ते म्हणाले. "उडता उडता नेला की हो!"