चहाचं भजन

परवा आईला गावी सोडायला निघाले होते. ढोकीच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची ही लांब रांग... गाडी जागची हलेना. मी वैतागून स्टेअरिंगवर बोटं आपटत बसले होते आणि आई शेजारी गप्प. हल्ली ती गप्पच असायची.

का, ते आधी सांगते.

माझे वडील, अण्णा, गावच्या भजनी मंडळात गायचे. मोठे गायक वगैरे नव्हते, आवाज घोगराच होता. एकदा सकाळी ते ओसरीवर पेटी घेऊन बसले होते, तेव्हा माझ्या भावानं, दत्तानं, मोबाइलवर त्यांचं एक भजन रेकॉर्ड केलं. मग मोबाइलच्या दुकानातून ते पेनड्राइव्हवर घेऊन आला.

त्या रेकॉर्डिंगमध्ये एक गंमत आहे. भजन चांगलं रंगात आलेलं असताना अण्णा मध्येच थांबतात, आत तोंड करून म्हणतात, "अगं, चहा ठेव की! झालंच हे." आणि जिथं सोडलं तिथूनच पुन्हा सूर धरतात.

अण्णा गेले, आणि आईची सकाळ त्या पेनड्राइव्हनं सुरू व्हायला लागली. छोट्या स्पीकरला तो कायमचाच लावलेला असायचा. ते वाक्य आलं की ती उठायची आणि गॅसवर आधण ठेवायची. रोज.

यंदा कारखाना सुरू व्हायच्या तोंडावर दत्ताला ट्रॅक्टरसाठी नवी गाणी हवी होती. आमच्याकडे हे दरवर्षीचंच... हंगाम जवळ आला की जो तो पेनड्राइव्ह खिशात घालून गाणी भरायला दुकानात जातो, कारण गाण्यांशिवाय रांगेत वेळ जात नाही. दत्ताला त्याचा पेनड्राइव्ह सापडेना, म्हणून त्यानं आईच्या स्पीकरचा काढून नेला. त्याला वाटलं, नवी गाणी जुन्याच्या शेजारी जाऊन बसतील. पण दुकानातली रीत अशी की आधी सगळं साफ करायचं आणि मग भरायचं. त्यात विचारायचं काय, असं त्यांना वाटतं.

ज्या मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, तो केव्हाच पाण्यात पडून गेला होता. दुकानदाराचा जुना कॉम्प्युटरही बंद पडून भंगारात गेलेला. मी तो पेनड्राइव्ह धाराशिवला दाखवला, सोलापूरला दाखवला... जुन्यावर नवं लिहिलं गेलंय, आता काही निघणार नाही, असंच दोन्हीकडे सांगितलं.

दत्ता आईसमोर जेवायला बसेनासा झाला. आई एवढंच म्हणाली, "जाऊ दे. त्यानं काय मुद्दाम केलं व्हय?" पण रिकामा स्पीकर ती रोज पदरानं पुसून ठेवायची.

माझा राग मात्र त्या दुकानावर. 'नवीन गाणी', 'नवीन गाणी २', 'ट्रॅक्टर स्पेशल' अशी नुसती फोल्डरं... ह्याच्या पेनड्राइव्हमधलं त्याच्यात, त्याच्यातलं तिसऱ्याच्यात, कशाचा कशाला मेळ नाही. मी मुळातच फटकळ, त्यात डोकं फिरलेलं. दुकानदाराला चार शब्द तोंडावर सुनावूनच आले होते.

तर परवा त्या रांगेत आमच्या पुढच्या ट्रॅक्टरवर कसलंतरी लग्नातलं गाणं दणदणत होतं. ते संपलं आणि पेटी वाजायला लागली...

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. मी काच पूर्ण खाली घेतली. तोच घोगरा आवाज. आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

भजन रंगात आलं. थांबलं. "अगं, चहा ठेव की! झालंच हे."

आणि शेजारी बसलेली माझी आई हळूच म्हणाली, "ठेवते."

मला रडू आवरेना.

तेवढ्यात पुढचा ड्रायव्हर ट्रॅक्टर बंद करून खाली उतरला, मागच्यांना हाका मारत टपरीकडे निघाला. मी डोळे पुसत त्याला गाठलं, हे भजन कुठून मिळालं म्हणून विचारलं.

"चहाचं भजन व्हय ताई? ते तर आमच्या तिकडं सगळ्यांकडंच हाय. म्या लोहाऱ्याला मेव्हण्याच्या पेनड्राइव्हमधनं घेतलं. ह्यो बाबा बोलला की आमी चहाला उतरतो."

कोण बाबा, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तो गाडीत बसलेल्या आईकडे बघतच राहिला. मग परत ट्रॅक्टरवर चढला, पेनड्राइव्ह उपसला आणि आईच्या हातात ठेवला. "घ्या मावशी, तुमचंच हाय."

आईनं तो परत त्याच्या हातात ठेवून मूठ मिटवली. "न्हाय बाबा, तुझ्याजवळच राहू दे. ह्यांना चार माणसांत बसायची लई हौस. मला फकस्त एक उतरवून दे."

माझा लॅपटॉप मागच्या सीटवर होता. गाडीच्या बॉनेटवर ठेवून कॉपी केलं... घाईत पेनड्राइव्ह दोनदा उलटाच लावला.

मग सगळं लक्षात आलं. दत्तानं पहिल्यांदा भजन भरून घेतलं, तेव्हाच दुकानदारानं सवयीनं एक कॉपी स्वतःकडे ठेवली होती आणि येईल त्याला वाटली होती. ज्या बेशिस्तीला मी नावं ठेवली, तिनंच अण्णांना सांभाळलं. काल जाऊन त्याला हे सांगितलं, त्याची माफी मागितली. तो बिचारा "राहू द्या ओ ताई" म्हणत लाजला.

आज सकाळी आईकडे पुन्हा स्पीकर लागला. चहाची हाक आली तसा दत्ता आपणहून येऊन तिच्याजवळ बसला. तिनं त्याच्यापुढे कप सरकवला.

त्या ड्रायव्हरचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तो हे वाचेल की नाही, माहीत नाही. पण तुमच्याही पेनड्राइव्हमध्ये कुठंतरी चहाचं भजन असेल, तर साफ करायच्या आधी ते दुसऱ्या कुणाला तरी देऊन ठेवा... अण्णांना एकट्यानं बसायची सवय नाही.